पहाटेचे चौदा मिलिमीटर

“वाढला! चौदा मिलिमीटर वाढला!”

एवारिस्तो मेस्त्रीच्या तोंडून आकडा बाहेर पडायचा अवकाश, पालखीवाल्या बंधुमंडळाच्या आवारात एकच गिल्ला झाला. कुणी आकाशात फटाक्याचा बाण सोडला, कुणी हातातल्या पेल्यातलं गरमागरम मक्याचं आतोल शेजाऱ्याच्या अंगावर सांडलं, गावातली यच्चयावत कुत्री भुंकायला लागली. सांता रोसेन्दात बाण सोडायला तसं निमित्त लागतच नाही म्हणा. पण त्या जानेवारीत निमित्त रोज पहाटे आयतं मिळत होतं.

वाढलेला माणूस होता कॉफीची पोती वाहणारा एक हमाल. पन्नाशीचा गडी. काल संध्याकाळी कमरेवर हात ठेवून कण्हत आला होता, आणि आता अनवाणी, पाठीला जांभळी फीत गुंडाळून असा ताठ उभा होता की जणू आत्ताच लग्न ठरलंय.

“दुखतंय का रे अजून?” गर्दीतून कुणी विचारलं.

“छे! आता बायकोच्या बरोबरीने उभा राहीन!”

“चौदा मिलिमीटरने तिला गाठतोस होय? शिडी लाव, शिडी!”

हशा पिकला आणि त्या हशातून वाट काढत हाडवैद्य क्रिसोस्तोमो पुढे आला. पांढरा झगा, गळ्यात हातभर लांबीचा क्रूस, हसला की दोन सोन्याचे दात. आवाज असा, की खालच्या आळीतल्या बहिऱ्या म्हातारीनेही क्रूसाची खूण करावी.

“लेकरांनो, कणा म्हणजे काय? जपमाळ! मणके म्हणजे काय? मणी! सैतान दोरा आवळतो, मणी एकमेकांना चिकटतात, माणूस आखूड होतो, दुखतो, वाकतो. मी काय करतो? काही नाही! दोऱ्याला जराशी ढील देतो! तेल सतापाचं, हात या पाप्याचे, बाकी सगळी वरची कृपा! आणि विश्वास नसेल तर मला विचारू नका. मेस्त्रींच्या काठीला विचारा!”

इथेच तर सगळी मेख होती. हाडवैद्यावर कुणी शंका घेतली असती. मेस्त्रीच्या काठीवर शंका घेणारा सांता रोसेन्दात जन्माला यायचा होता.

ती काठी देवदाराची, पितळी खुणांची. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत येशूची पालखी निघते तेव्हा एका वेळी ऐंशी माणसं पालखीच्या तुळया खांद्यावर घेतात. ऐंशी खांदे एका रेषेत हवेत. एक खांदा वर आणि दुसरा खाली झाला तर वरच्याची हाडं मोडतात आणि खालचा नुसता फिरायला आल्यासारखा चालतो. म्हणून दर जानेवारीत कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी मंडळात येतात, काठीला टेकून उभी राहतात, आणि मेस्त्री त्यांच्या खांद्याची उंची कार्डावर लिहितो. एकतीस वर्षं लिहीत होता. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने कधी एक मिलिमीटर फुकट दिला नव्हता.

वैद्यराजाने येऊन नेमकी तीच काठी धरली. रीत त्याची साधी होती. संध्याकाळी मेस्त्रीने मापायचं. मग वैद्यराज पाठीला तेल चोळणार, फीत बांधणार, आणि मागच्या मक्याच्या कोठारात चटईवर उताणं झोपवणार. उशी नाही, उठणं नाही, नऊ तास. पहाटे पहिल्या घंटेला उठल्याउठल्या पुन्हा माप.

“पाणीसुद्धा न पिता!” वैद्यराज बजावायचा. “कृपा दवासारखी असते बाबांनो. ऊन चढलं की उडाली!”

गाव माना डोलावत होतं. एवढं उघड सांगत होता मेला, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता!

मेस्त्री भोळा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने लोकांना अनवाणी केलं. ओळंबा सोडून काठी तपासली, पाणसळ लावून फरशी तपासली. वैद्यराजाला हात लांब ठेवायला सांगितलं. तरी माणसं वाढतच होती. कुणी अकरा मिलिमीटर, कुणी चौदा, एक गवंडी तर सोळा. काठी खोटं बोलत नव्हती. मग मेस्त्री तरी काय करणार? त्याने प्रत्येकाला दाखला लिहून दिला, खाली सही केली. वैद्यराजाने ते दाखले मंडळाच्या भिंतीवर ओळीने चिकटवले.

एकच माणूस उलटा निघाला. पाववाला बासिलियो.

त्याची पाठ वीस वर्षं कणीक मळून मळून धरली होती. पण रात्री कोठारात झोपला तर गावाला सकाळी पाव कोण देणार? म्हणून वैद्यराजाने त्याला सवलत दिली. संध्याकाळी माप, तेल, फीत; मग भट्टीवर जा, पहाटे ये. पहाटे बासिलियो पिठाने माखलेला आला, काठीला टेकला, आणि मेस्त्रीने तीनदा डोळे चोळले.

“बारा मिलिमीटर,” तो म्हणाला, “कमी.”

मग सगळी गर्दी वैद्यराजाकडे वळली. वैद्यराज क्षणभरच चाचरला. मग त्याने आभाळाकडे बोट केलं.

“कमी होतो तो पापाने! या माणसाच्या पोटात काहीतरी दडलंय!”

“माझ्या पोटात पावाशिवाय काही नाही हो!” बासिलियो कळवळून म्हणाला.

पण त्याची बायको देल्फिना मागेच उभी होती. तिने पदराला पीळ घातला आणि विचारलं, “कोण ती?”

“अगं कोण कोण?”

“बारा मिलिमीटरची! कोण ती सांग!”

त्या दिवसापासून बिचारा पिठाच्या पोत्यांवर झोपत होता. देल्फिनाने आधी शिंपिणीचं नाव घेतलं, मग मेणबत्त्यावालीचं, मग ख्रिस्तवासी झालेल्या टपालवालीचंही. गावाला इतकी करमणूक गेल्या दहा वर्षांत मिळाली नव्हती.

मेस्त्रीही हसला. पण ते हसू फार दिवस टिकलं नाही, कारण तिसऱ्या आठवड्यात त्याची मुलगी ओदिलिया नोएमीला घेऊन कोठारात आली.

नोएमी मेस्त्रीची नात. बारा वर्षांची. आदल्या वर्षी गणवेश शिवताना कळलं की तिचा एक खांदा वर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर सुलेमा वाकड्या कण्याच्या मुलांवर संशोधन करत होत्या. त्यांनी एक्स-रे काढला: कणा सत्तावीस अंशांनी वाकलेला. त्यांनी प्लास्टिकचा ब्रेस बनवून दिला आणि निक्षून सांगितलं, “रोज अठरा तास. पोर वाढतेय तोवरच याचा उपयोग. वाढ थांबली की संधी गेली. आणि बाक पन्नास अंशांवर पोहोचला तर शस्त्रक्रियाच.”

तो ब्रेस म्हणजे शिक्षाच होती. उकाड्यात अंगाला घट्ट, वर्गात मुली बोट टोचून ‘टकटक’ आवाज काढायच्या. नोएमी रात्री रडायची, ओदिलिया स्वयंपाकघरात रडायची. अशात गावात माणसं रोज सरळ होऊ लागलेली! पी हळद नि हो गोरी! कुठली आई थांबेल?

नोएमी वाढली तेरा मिलिमीटर. माप घेतलं तिच्या आजोबाने, आकडा ओरडला आजोबाने, सही केली आजोबाने. ओदिलियाने तिथल्या तिथे ब्रेस सोडवला.

“बाबा, तुम्हीच सांगा, ठेवू का काढून?”

“काठी म्हणतेय ना,” मेस्त्री म्हणाला. “काठी म्हणतेय तर काढ.”

ब्रेस पलंगाखाली गेला. नोएमी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. घरात दोन महिने नुसती दिवाळी.

मार्चमध्ये, उपवासाच्या चौथ्या रविवारी, दुपारी तीन वाजता पालखीची तालीम होती. वैद्यराजाने वाढवलेल्या चाळीस माणसांनी हट्टाने नवी उंची कार्डावर लिहून घेतली होती. आम्ही आता उंच, आम्हाला उंचांच्या पाळीत घाला! मग त्यांच्या बरोबरीला जन्मापासूनचे उंच असे चाळीस जण आले, आणि ऐंशी खांद्यांनी पालखी उचलली.

दहा पावलं गेली नाहीत तोच कल्लोळ उठला.

“वजनच नाही!” कॉफीचा हमाल नाचत ओरडला. “अहो, पालखी कापसाची झाली! वजनच लागत नाही!”

“मलाही नाही!”

“चमत्कार! चमत्कारावर चमत्कार!”

बाण सुटले. ढोलवाला भान विसरून लग्नाचा ठेका वाजवायला लागला. वैद्यराज दोन्ही हात वर करून पुढे मागे पळत होता. “पाहा! प्रभू स्वतः उचलतोय!”

आणि बाकीचे चाळीस? त्यांचे चेहरे वांग्याच्या रंगाचे झाले होते. “प्रभू तुमच्या बाजूचं उचलतोय वाटतं,” एकजण दातओठ खात म्हणाला, “आमच्या बाजूला तर तोही बसलाय!”

मेस्त्री सवयीने वाकला आणि तुळईखालून पाहू लागला. आणि त्याला दिसलं. कॉफीच्या हमालाचा खांदा आणि तुळई यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता. चांगली बोटभर फट! गवंडी, शिंपी, घंटा वाजवणारा, सगळे वाढलेले महाभाग पालखीखालून नुसते मिरवत निघाले होते. एकाला तर टाचा उंचावूनही तुळई लागत नव्हती.

“थांबा! खाली ठेवा!” मेस्त्री गरजला. “आणि एकेकजण काठीला या!”

चाळीसच्या चाळीस जणांची उंची जानेवारीच्या संध्याकाळी होती तीच. मिलिमीटरला मिलिमीटर.

“ऊन चढलं ना!” वैद्यराज लगेच बोलला. “मी म्हटलंच होतं, दवासारखी! आज रात्री परत या, परत वाढवतो!”

लोक हो म्हणून मोकळे झाले. मेस्त्रीच्या डोळ्यांपुढे मात्र भिंतीवरचा एकच दाखला येत होता, नोएमीचा. दुसऱ्या दिवशी त्याने पलंगाखालचा ब्रेस काढला, काखेत मारला, आणि ओदिलियाला न सांगता पहिली बस धरून डॉक्टर सुलेमांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी ब्रेस हातात घेतला, आतलं शर्टाच्या गुंडीएवढं बटण एका यंत्राला लावलं आणि पडद्याकडे पाहून भुवया चढवल्या. “सतरा जानेवारीपासून पोरीने हा अंगाला लावलेला नाही.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मेस्त्री उडालाच.

“या बटणाने. अंगाची ऊब लागली की ते लिहून ठेवतं. माझ्याकडे अशी साठ मुलं आहेत, मेस्त्री. सगळी मला सांगतात, रोज घालते, रोज घालतो. मग बटण चहाड्या करतं.” त्या हसल्या नाहीत. “काय झालं ते सांगा.”

मेस्त्रीने सगळं सांगितलं. काठी, तेल, कोठार, वाढलेली चाळीस माणसं, पालखीखालची फट, आकसलेला पाववाला. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं.

“पहिलं माप कधी घेता?”

“संध्याकाळी. लोक कामावरून सुटतात तेव्हा.”

“आणि दुसरं?”

“पहाटे. झोपेतून उठल्याउठल्या.”

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरून बसावं लागलं. बाहेरची परिचारिका धावत आली.

“अहो मेस्त्री! दोन मणक्यांच्या मध्ये एकेक चकती असते, मऊ, पाण्याने भरलेली. दिवसभर आपण उभे राहतो, ओझी उचलतो, तेव्हा चकत्या दबतात, पाणी बाहेर जातं. रात्री आडवे झालो की त्या पुन्हा पाणी पितात, फुगतात. पहाटे प्रत्येक माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. तुम्ही, मी, वैद्यराज, पोपसुद्धा! उठल्यावर काही तासांत सगळं परत जातं.”

“आणि बासिलियो?”

“तो झोपतो कधी?”

“दिवसा...” मेस्त्रीचं तोंड उघडंच राहिलं. “म्हणजे संध्याकाळी त्याची पहाट! आणि पहाटे त्याची संध्याकाळ! अरे देवा, आणि ती देल्फिना मेलेल्या टपालवालीला शिव्या देतेय!”

मग त्याचं लक्ष ब्रेसकडे गेलं. त्याने विचारलं, “आणि आमच्या नोएमीचा बाक?”

“पहाटेच्या या उंचीचा आणि बाकाचा काही संबंध नाही. बाक मोजायला एक्स-रे लागतो. तिला घेऊन या.”

“तिची आई येऊ देणार नाही. म्हणेल, डॉक्टर असंच बोलणार.”

“बरोबरच म्हणेल,” डॉक्टरीणबाई उठल्या. “माझ्या शब्दावर तिने का विश्वास ठेवावा? चला, तिच्या डोळ्यांदेखत मोजू.”

शनिवारी संध्याकाळी आवार माणसांनी फुललं. डॉक्टरीणबाईंनी डाव मांडला तो असा: चाळीस माणसं. चिठ्ठ्या टाकून वीस वैद्यराजाकडे. त्यांना तेल, फीत, मंत्र, सगळा थाट. वीस जणांना काही नाही, नुसतं झोपायचं. प्रत्येकाला एक क्रमांक, त्यावर संध्याकाळचं माप, आणि मग सगळे कोठारात उताणे, बिनउशीचे. आणि पहाटे मोजताना मेस्त्रीला कळता कामा नये की कोण कुठल्या गटातला.

“देवाची परीक्षा घेऊ नये!” वैद्यराज गरजला. “हे महापाप आहे!”

“माझ्या नवऱ्याची घेतलीस तेव्हा नव्हतं का पाप?” देल्फिना कंबरेवर हात ठेवून पुढे आली. “की घाबरलास?”

“मी? घाबरेन?”

“मग चोळ तेल!”

गाव टाळ्या पिटायला लागलं. पळवाट उरली नाही. वैद्यराजाने तेल चोळलं, पण त्या दिवशी जपमाळेचं भाषण जरा घाईत आटोपलं.

पहाटे चाळीस जण कोठारातून एकेक करून बाहेर आले. सगळ्यांच्या अंगावर पालखीचे जांभळे झगे, डोक्यावरून हनुवटीपर्यंत जांभळं फडकं. फडक्यातून दिसत नसल्याने पहिला माणूस थेट आतोलच्या पातेल्यावर आपटला, दुसऱ्याने डॉक्टरीणबाईंनाच वैद्यराज समजून हात जोडले. मेस्त्रीला दिसत होते फक्त पाय, खांदे आणि झग्यावर टाचलेला क्रमांक. तो आकडे सांगत होता, आणि फळ्यावर ते लिहायला नोएमी उभी होती. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. चाळिसावा आकडा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. नोएमीने दोन रकाने केले, संध्याकाळची मापं वजा केली, बेरजा केल्या, भागाकार केले. खडू थांबला.

“वाच ना गं!” गर्दी ओरडली.

“वैद्यराजांचे वीस...” नोएमी म्हणाली, “सरासरी तेरा मिलिमीटर.”

“वाह!” वैद्यराज उसळला. “पाहा, पाहा!”

“नुसते झोपलेले वीस... चौदा.”

मग असा हशा फुटला की छपरावरची कबुतरं उडून गेली.

“तेलाने एक मिलिमीटर खाल्ला!” कॉफीचा हमाल बोंबलला. “माझा मिलिमीटर परत दे!”

“एका मिलिमीटरचं काही मनावर घेऊ नका,” डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. “तो योगायोग. पुन्हा मोजलं तर कदाचित तेलवाले पुढे असतील. खरं एवढंच, की तेलाने फरक पडत नाही. झोपेने पडतो.” आणि चकत्यांची गोष्ट त्यांनी गावाला सांगितली.

“पण माझी पाठ खरंच थांबली हो दुखायची!” हमाल म्हणाला.

“थांबली असेल की. माणूस वैद्याकडे जातो कधी? अगदी असह्य झाल्यावर. बहुतेक पाठदुखी त्यानंतर काही आठवड्यांत आपोआप उतरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! फांदी मोडली हे खरं. कावळ्याने मोडली हे कुणी पाहिलं?”

वैद्यराज हळूच फाटकाकडे सरकत होता. देल्फिनाने त्याचा झगा धरला. “कृपा पसरली!” तो ओरडला. “माझ्या वीस जणांवरची कृपा शेजारच्यांवर सांडली!”

“मी सांगतो कृपा कशी सांडते ते,” मेस्त्री काठी घेऊन त्याच्या समोर उभा राहिला. “देव रोज रात्री सगळ्यांना वाढवतो आणि संध्याकाळी परत घेतो. मग मध्ये तुझी दलाली कसली रे? खरं सांग, तुला हे कुठे कळलं?”

वैद्यराजाने गर्दीकडे पाहिलं, देल्फिनाच्या मुठीकडे पाहिलं, आणि त्याचे दोन्ही सोन्याचे दात मावळले.

“राजधानीत रखवालदारांच्या भरतीला मी फूटपट्टी धरायचो,” तो पुटपुटला. “एखादा उमेदवार बोटभर कमी पडला की त्याला सांगायचो, उद्या पहाटे ये, आणि येताना टेम्पोत झोपून ये.”

आता मात्र लोक हसून हसून खाली बसले. त्या गदारोळात बासिलियो नुकतीच भट्टी बंद करून आला होता. देल्फिनाने त्याला पाहिलं, त्याच्या कपाळावरचं पीठ पुसलं. “चल घरी,” ती म्हणाली, “आणि पलंगावर झोप.” त्याला काय झालं ते कळलंच नाही, पण तो गेला.

हशात एकटी नोएमी नव्हती. ती फळ्याकडे पाहत होती.

“आई,” ती म्हणाली, “माझे तेरासुद्धा झोपेचेच होते.”

ओदिलियाने तोंडावर हात ठेवला. सोमवारी ती स्वतः नोएमीला घेऊन पहिल्या बसने गेली.

पुढच्या रविवारी पालखीच्या पाळ्या नव्याने लावायला गाव जमलं. भिंतीवरचे दाखले मेस्त्रीने काढून टाकले होते. एकच ठेवला होता, नोएमीचा, आणि त्याच्या शेजारी दोन एक्स-रे खिळ्याला टांगले होते. उजेड आला की दोन्ही कणे स्पष्ट दिसत होते.

“हा नोव्हेंबरचा,” मेस्त्री म्हणाला. “सत्तावीस अंश. हा गेल्या सोमवारचा. तेहतीस. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाचापर्यंतचा फरक वाचण्यातली चूक असू शकते. सहा झाला.” त्याने दाखल्यावर बोट ठेवलं. “ही खालची सही माझी. मी खोटं मापलं नव्हतं. काठीही खोटी नव्हती. मी वेळ विचारली नाही. आणि काठीला जे मोजता येत नाही ते तिच्या तोंडून वदवून घेतलं. क्रिसोस्तोमो तर गाव सोडून गेला. उद्या दुसरा येईल, तेल नाही तर पाणी घेऊन, पाठीवर नाही तर डोळ्यांवर. त्याला हाकलू नका, पण विचारा. काय मोजलंस? कधी मोजलंस? आणि ज्यांना तू हात लावला नाहीस, त्यांचं काय झालं? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, बाबांनो. मी चौथी शिकलोय. मला फक्त लाज बाजूला ठेवून विचारायला हवं होतं.”

कॉफीच्या हमालाने टोपी काढली. ओदिलिया मागे भिंतीला टेकून रडत होती.

नोएमी पुढे आली. तिच्या अंगात ब्रेस होता, वर गणवेशाचा सदरा. मागचा पट्टा सुटून लोंबत होता. शेजारच्या एका मुलीने बोट उचललं; नोएमीने स्वतःच आधी ब्रेसवर टकटक केलं आणि तिला डोळा मारला. मग तिने आजोबाकडे पाठ केली.

“भाषण पुरे, आजोबा. पट्टा आवळा.”

मेस्त्रीने काठी भिंतीला टेकवली. पट्ट्यावर डॉक्टरीणबाईंनी पेनाने एक खूण केली होती. त्याने पट्टा धरला आणि हलकेच ओढला.

“एवढा?”

“नाही. खुणेपर्यंत.”

त्याने खुणेपर्यंत ओढला.